बारा पौंडांवर राहू द्या

मी, मार्लिस हार्लन स्टोडोला, वय अठ्ठ्याहत्तर, शाळेच्या बसची निवृत्त चालक, राहणार केवॉनी परगणा, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे गेली, पाय गेले, पण डोके आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही मनात येईल तसं लिहा, मी नंतर कायद्यात बसवते." मी त्यांना म्हटले, बसवायचे तेवढे बसवा, पण माझी एक जरी ओळ गाळलीत तर सही मिळणार नाही.

हरणांच्या शिकारीचा हंगाम मला दिसेल की नाही, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. हंगाम याच महिन्याअखेरीस उघडतो. तेव्हा जे लिहायचे ते लवकर लिहिलेले बरे.

कलम १. मी आणि माझे दिवंगत पती हार्लन यांनी मिळून केलेले जुने मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात "मागे राहील तो ठरवेल" असे लिहिले होते. मागे मी राहिले. तेव्हा मीच ठरवते.

कलम २. माझ्या पश्चात माझे दोन मुलगे आहेत. थोरला कर्ट दुधाचा टँकर चालवतो. धाकटा टॉड गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे. दोघेही मला सारखेच लाडके आहेत, आणि दोघांचा मला कंटाळाही सारखाच आला आहे. त्याचे कारण असे की हार्लनच्या दफनाच्या दिवसापासून, म्हणजे गेली नऊ वर्षे, ते एकमेकांशी बोललेले नाहीत. जे काही बोलायचे ते माझ्यातर्फे. "आई, कर्टला सांग माझी शिडी आणून दे म्हणून." "आई, टॉडला सांग शिडी त्याच्या गॅरेजच्या दाराशी ठेवलीय म्हणून." अरे, दाराशी ठेवलीस तेव्हा तो आतच होता ना! कर्टने रविवारी प्रार्थनेच्या आधी यायचे आणि टॉडने जेवणानंतर, अशा वेळा मीच लावून दिल्या. तीस वर्षे बस चालवली, वेळापत्रक मला जमते. पण आता दम लागतो. फोनवर एक निरोप सांगून झाला की दुसरा फोन लावण्याआधी मला पडून राहावे लागते.

मी गेल्यावर निरोप कोण पोचवणार, हीच माझी एक काळजी आहे. बाकीचे सगळे सामान आहे, ते कोणीही उचलून नेईल.

कलम ३. सामान पुढीलप्रमाणे.

तळ्याच्या बर्फावर मासे धरायला बसायची पत्र्याची खोपटी कर्टला. टॉडला थंडी सोसत नाही, त्याला हार्लनचे ॲकॉर्डियन. ते वाजवता येत नसेल तर निदान पट्टे आवळून ठेवावे.

नणंदबाई लव्हॉन यांच्याकडे माझे मोठे निळे एनॅमलचे भाजायचे भांडे हार्लनच्या दफनापासून आहे. ते त्यांनाच राहू द्यावे. मागून मागून मी दमले. "स्टोडोलांच्या तळघरातून आंबूस वास येतो," असे त्या चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाल्या होत्या, तेही मी सोडून दिले आहे. मात्र तो वास हार्लनच्या घरच्या बिअरसाठी भिजवलेल्या जवाचा, माल्टचा होता, आणि दर शुक्रवारी तळलेले मासे खाऊन झाल्यावर त्याच तळघरात त्या दोन-दोन ग्लास घेत होत्या, एवढे कागदावर असू द्यावे.

शेजारीण आर्डिस वॉटलेट हिला या मृत्युपत्राने काही देता येत नाही, कारण ती साक्षीदार आहे. वकीलबाईंनी तसे बजावले. म्हणून तिला जे द्यायचे होते ते मी गेल्याच आठवड्यात देऊन टाकले. काय दिले ते आम्हा दोघींना माहीत आहे.

बँकेत आहे ते दोघा मुलांना निम्मे निम्मे. त्यात भांडण्यासारखे काही नाही.

कलम ४. तळघरातील बिअरचे साहित्य. यात उकळायचे मोठे पातेले, स्टीलची चार पिंपे, जुना फ्रिज व त्याच्या दारातल्या दोन तोट्या, बिअरमध्ये भरायच्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळ्या एवढे येते. हे कोणाला द्यायचे ते पुढच्या कलमांत पाहावे. आधी वापर कसा करायचा ते लिहिते, कारण या घरात तेवढे एकच धड कोणाला समजलेले नाही.

बिअर हार्लन करायचा. हे सगळ्या परगण्याला माहीत आहे. पिंपात भरल्यावर तिच्यात गॅस भरायचे काम मात्र माझे होते. हार्लनला धीर नव्हता. तो सारखा फ्रिज उघडून बघायचा, आणि मी म्हणायची, "हार्लन, दार लाव, ती काय पळून जाणार आहे?"

पिंप आधी थंड होऊ द्यावे, पाणी गोठायला थोडेसेच राहील इतके. कोमट बिअर गॅस धरत नाही, कितीही दाब द्या. मग रेग्युलेटरची चावी फिरवून दाबाचा काटा बारा पौंडांवर आणावा. सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून बघावे. बुडबुडे आले तर सांधा गळतो आहे, आणि सकाळपर्यंत सिलिंडर रिकामा होईल. नाही आले तर फ्रिज बंद करून वर यावे व दुसरे काहीतरी काम करावे. दोन आठवडे लागतात. बिअर आपल्याला हवा तेवढा गॅस त्या काळात घेते, आणि पोट भरले की थांबते. ज्या दाबावर गॅस भरला त्याच दाबावर प्यायला द्यायची. चावीला पुन्हा हात लावायचा नाही.

ज्यांना घाई असते ते तीस पौंडांवर चढवतात आणि पिंप आडवे करून पायाखाली गडगडवतात. त्यानेही गॅस जातो, नाही असे नाही. पण किती गेला ते कळत नाही, आणि जास्त झाला की तोटीतून नुसता फेस येतो.

आता सगळ्यात मोठी चूक. फेस आला की माणसाला वाटते दाब जास्त झाला, आणि तो दाब उतरवतो. तसे करू नये. दाब उतरला की बिअरमधला गॅस नळीतच बाहेर सुटतो आणि फेस आणखी वाढतो. पुढे पुढे बिअर पचपचीत होते ती वेगळीच. फेस आला तर बिअर थंड आहे ना ते बघा, नळी चांगली दहा फूट लांब आहे ना ते बघा, पहिला ग्लास तोटी कोमट असल्यामुळे फेसाळतो तो ओतून द्या. चावी सोडून बाकी सगळे बघा.

हार्लनच्या दफनाच्या दिवशी या दोन्ही चुका माझ्या दोन मुलांनी वाटून घेतल्या. हार्लनने शेवटची बिअर भरून ठेवली होती, तिच्यात गॅस भरायचा राहिला होता. आमच्याकडे माणूस मातीआड झाला की चर्चच्या तळमजल्यावर जेवण असते, हॅमची सँडविचे, बटाट्याचे सॅलड, खसखशीचे सारण भरलेले गोड पाव म्हणजे कोलाच, आणि गेलेला बिअर करणारा असेल तर त्याची बिअर. कर्टने ते पिंप गॅरेजमधून कोमटच उचलले, तीसवर चढवले आणि गडगडवत बसला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! टॉड तोटीशी उभा होता. ग्लासात फेस आला तसा त्याने दाब दोनवर आणला. मग काय, बादल्या भरून फेस. फादरच्या हातात त्याने जो ग्लास दिला त्यात दाढी करता आली असती.

"तू हलवलंस म्हणून!" "तू उतरवलंस म्हणून!" सॅलडच्या परातीवरून दोघे भांडले, गावासमोर, बापाची माती ओली असताना. मी काळ्या कपड्यांत दाराशी उभी राहून लोकांचे सांत्वन घेत होते. मला कोणी विचारायला आले नाही. त्यानंतर दोघे तोंड फिरवून गेले ते गेलेच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. मला त्या दिवशी नवऱ्याचे दुःख करायलासुद्धा कोणी वेळ दिला नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे. तो राग मी कोणाच्या नावे करत नाही, माझ्याबरोबर नेते.

कलम ५. फ्रिजमध्ये सध्या एक पिंप आहे. हार्लनच्या पद्धतीची तांबूस बिअर. पायऱ्या उतरता येत होत्या तोवर, आर्डिसला हाताशी घेऊन मी ती केली. टॉडने पिंप फ्रिजमध्ये उचलून ठेवले, कर्टने नवा सिलिंडर आणून दिला, अर्थातच वेगवेगळ्या रविवारी. ती बारा पौंडांवर लावलेली आहे. ती माझ्या दफनानंतरच्या जेवणाला द्यावी. दोन आठवडे व्हायला अजून अवकाश आहे. ती आधी तयार होते की मी, ते बघायचे.

कलम ६. ~~घर दोघा मुलांना सामाईक, परंतु पुढील अटीवर: दोघांनी आर्डिस वॉटलेट हिच्यासमोर एकमेकांचा हात हातात घ्यावा व माझ्या दफनाच्या जेवणाला एकाच तोटीशी उभे राहून बिअर वाढावी. गॅस व रेग्युलेटर कर्टला, पिंपे व फ्रिज टॉडला, म्हणजे एकाचे दुसऱ्यावाचून चालणार नाही. तसे न केल्यास घर विकून पैसे चर्चच्या छपराला द्यावेत.~~

वरचे कलम मी खोडले आहे. खोडाखोड माझीच आहे, शेजारी आद्याक्षरे केली आहेत. वकीलबाईंना ते फार आवडले होते. का खोडले ते सांगते, कारण नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारीचा हात चळला.

शनिवारी मी कर्टला फोन केला, की येऊन काटा बघून जा, मला खाली जाववत नाही. तो म्हणाला, आज जमणार नाही, दूध उचलायचे आहे. म्हणून मी टॉडला सांगितले. मग कर्टने काम लवकर उरकले आणि तोही आला. दोघांच्या गाड्या एकदम अंगणात. टॉड आधीच खाली गेला होता. कर्ट माझ्याकडे न बघता त्याच्या मागोमाग गेला. मी टेबलाशी बसून होते. जमिनीत हीटरची जाळी आहे, तिच्यातून तळघरातला शब्दन्‌शब्द वर येतो.

"चावीला हात लावू नकोस," हा टॉड. नऊ वर्षांनी भावाशी पहिले वाक्य.

"लावला कुठे? बघतोय. बारावर आहे. बारावर ठेवून कधी व्हायची ही? नाताळला?"

"आईनं बारा सांगितलंय."

"आणि आईकडे किती दिवस आहेत, ते सांगितलंय तिनं तुला?"

टॉडचे बूट फरशीवर मागे सरकल्याचे ऐकू आले.

"तीसवर कर," कर्ट म्हणाला. "मी हलवतो. उद्यापर्यंत होईल. तिला एक ग्लास तरी मिळेल रे. बाबांना मिळाला नाही. स्वतः केलेली बिअर, आणि एक घोट मिळाला नाही त्यांना. निदान लोकांना तरी त्या दिवशी मिळावी म्हणून मी हलवत होतो, तर तू..."

"मी काय? फेस येत होता म्हणून कमी केलं! कोणीही केलं असतं!"

"दोनवर आणलंस! फादरना साबण दिलास प्यायला!"

"आणि तू पिंप लाथाडत बसला होतास, फुटबॉल असल्यासारखं!"

"आई!" कर्ट ओरडला. "ह्याला सांग!"

"आई, त्याला सांग, हात काढ म्हणावं!"

मी उत्तर दिले नाही.

मुद्दाम नाही, हे मी शपथेवर लिहिते. तोंड उघडले होते. नेहमीप्रमाणे म्हणणार होते, कर्ट, हात काढ, टॉड, गप्प बस. पण माझ्यात तेवढा श्वासच नव्हता. आणि मग वाटले, कशाला? समोर लोणच्याची बरणी होती. तिच्यातली एक काकडी काढून मी खायला लागले.

"आई?"

"आई!"

मग जिन्यात धावाधाव. कर्टचे डोके तुळईवर आपटले, ते मी ऐकले. दोघे एकदम दारात अडकले, एकाचा खांदा दुसऱ्याच्या पोटात, आणि मला बघून तसेच थांबले.

"काय?" मी म्हटले.

"ओ का देत नाहीस?"

"दमले."

"आम्हाला वाटलं..."

"कळलं काय वाटलं ते. अजून नाही. पण होईल ना रे, असंच होईल. तुम्ही खालून हाका माराल आणि वर कोणी नसेल."

कर्ट रडला. पन्नाशी उलटलेला माणूस, कपाळाला टेंगूळ आलेले, लहान पोरासारखा रडला. टॉडने ओट्यावरचे फडके ओढून त्याच्याकडे धरले. कर्टने ते घेतले. शिडीसारखे दाराशी ठेवलेले नाही, हातातून हातात.

मी म्हटले, मला खाली न्या. त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीसकट उचलले.

"डावीकडे घे."

"तुझं डावं की माझं?"

"आईचं डावं!"

"तुळई बघ, गाढवा."

"आता सांगतोस?"

बसमध्ये इतकी बोंबाबोंब झाली असती तर मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली असती. पण त्या जिन्यात माझ्या डोक्यावरून ते एकमेकांशी बोलत होते आणि मला कोणाला काहीच सांगावे लागत नव्हते. मला इतके हलके कित्येक वर्षांत वाटले नव्हते. आनंद झाला, असे सरळ लिहिते.

फ्रिजसमोर मला ठेवले. मी म्हटले, ग्लास आणा.

"तयार नाही झालेली," टॉड म्हणाला.

"मी तरी कुठे तयार झालेय? आण."

तोटी मी उघडली. पहिला ग्लास फेसाचा, तो ओतून दिला. पुढचे तीन भरले. गॅस अर्धामुर्धाच होता. जिभेला जेमतेम टोचत होता.

"पचपचीत आहे," कर्ट म्हणाला.

"चव बाबांची आहे," टॉड म्हणाला.

दोघांचे बरोबर होते. आम्ही प्यायलो. चावीकडे कर्टचा हात दोनदा गेला आणि दोनदा त्याने तो खिशात घातला.

सगळे गोड झाले असे मी म्हणत नाही. जाताना अंगणात गाड्या कोणी कुणाच्या वाटेत लावल्या यावरून पुन्हा जुंपली. पण जुंपली ती त्यांच्यात. माझा फोन वाजला नाही. म्हणून रात्री मी ते कलम खोडले. घराची अट घालून मी त्यांना उभे केले असते, तर ते उभे राहिले असते, घरासाठी का होईना. पण मग ते पुन्हा माझ्याच सांगण्यावरून झाले असते. माझ्यात आता कोणावर दाब ठेवायची ताकद नाही, आणि हौसही उरली नाही.

कलम ७. सबब, माझे घर, अंगण, गॅरेज व तळघर मी माझे मुलगे कर्ट आणि टॉड या दोघांना सारख्या हिश्शाने, कोणत्याही अटीशिवाय देते. कलम ४ मधील बिअरचे साहित्यही दोघांना मिळून. ठेवायचे, विकायचे, वाटायचे, ते त्यांनी ठरवावे. हात मिळवावे की नाही तेही त्यांनीच ठरवावे.

कलम ८. कलम ५ मधल्या पिंपात जी बिअर उरली आहे ती माझ्या जेवणाला द्यावी. काटा बारावर आहे. त्या दिवशी फेस येईल, कारण चर्चचा तळमजला उबदार असतो आणि तुम्ही दोघे घाई कराल. आला तर येऊ द्या. पण पोरांनो, मला हाक मारू नका. मी ओ देणार नाही. शेजारी उभा असेल त्याला विचारा, "काय करू रे?" त्याला उत्तर येत नसले तरी चालेल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि खोडलेले सोडून सगळा मला मान्य आहे. पुढे लिहायला दम नाही.

सही: मार्लिस एच. स्टोडोला

आम्ही खाली सह्या करणाऱ्या दोघींनी, मार्लिस यांना शुद्धीत, आमच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने सही करताना पाहिले. आम्हा दोघींना या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

साक्षीदार १: आर्डिस वॉटलेट, शेजारीण
साक्षीदार २: शेरिल नोव्होत्नी, घरी येणारी परिचारिका

ठिकाण: स्वयंपाकघर, स्टोडोला यांचे घर, केवॉनी परगणा
तारीख: ११ नोव्हेंबर २०१९